बर्फ नंतर, आधी डांबर

डोंबिवलीहून गुलमर्गला जाऊन क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकायचं ठरलं, की डोक्यात पहिली येते ती स्कीची खरेदी. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी यावी. उतारावरून घसरायच्या स्कीइंगला डोंगर लागतो, लिफ्ट लागते. क्रॉस-कंट्री या नॉर्डिक प्रकारात टाच मोकळी असते आणि सपाटी असो की चढ, माणूस स्वतःच्याच ताकदीवर पुढे सरकतो. म्हणजे भांडवल दमाचं आणि तोलाचं, आणि ते डांबरावरही कमावता येतं. नॉर्वेचे खेळाडूसुद्धा बर्फ नसतो तेव्हा चाकांच्या रोलर-स्कीवर सराव करतात. बर्फ न पडणाऱ्या कोडगूची भवानी थेक्कडा नंजुंडा गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत याच खेळात पदकं मिळवते, तिथे आपली बर्फाची सबब लंगडी पडते. शिवाय दोन मीटरची स्की घेऊन सकाळी आठच्या फास्ट लोकलमध्ये चढून दाखवा! रोलर-स्की जेमतेम दोन-अडीच फुटांची असते.

पण रस्ते कुठे आहेत, हा आक्षेप रास्त आहे. बऱ्याच रोलर-स्कींना ब्रेकच नसतो. त्या घालून घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर उतरणं हा शुद्ध वेडेपणा. पहाटेचा रिकामा स्केटिंग ट्रॅक किंवा गृहसंकुलातला आतला काँक्रीट रस्ता सुरुवातीला पुरे. स्केटिंग शिकवणाऱ्यांना बेअरिंगची निगाही ठाऊक असते: भिजलं की काढायचं, पुसायचं, वाळवून तेल द्यायचं, नाहीतर गंजून करकरायला लागतं. चाकं एका बाजूने झिजू लागली की उलटसुलट करून बसवायची. काठीचं टोक डांबरावर बोथट होतं. त्याला डायमंड कानस हवी, साध्या कानशीला ते दाद देत नाही.

बर्फावरची स्की विकत न घेता भाड्याने घ्यावी, तर भाड्याचं सामान झिजलेलं असतं, असंही म्हणतात. म्हणून बूट तेवढे स्वतःचे घ्यावेत. बाइंडिंग जुळणारं असेल तर तेच चाकांवर आणि बर्फावर चालतात. मात्र आपल्या दमट हवेत खोक्यात कोंबलेल्या बुटांना बुरशी लागते, तळव्याचा डिंक सुटतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी ते बाहेर काढून पंख्याखाली ठेवावेत. स्कीला लावायच्या मेणाची चिंता नवख्याने करूच नये. फ्लोरिनयुक्त महागड्या मेणावर तर आंतरराष्ट्रीय स्की महासंघानेच 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांत बंदी घातली आहे, आणि तळाला माशासारखे खवले असलेल्या स्कीला पकडीचं मेण लागतच नाही. भाड्याने घेताना तशीच मागावी.