आपल्यावर लिहिलेला कागद आपल्या गावात हवा



कुठल्याही पाड्यात जा आणि विचारा, "तुझ्यावर केस आहे का?" माणूस म्हणतो, "आहे ना." कसली? "जंगलची." कुठल्या सालची? "पोर लहान होतं तेव्हाची." नंबर काय, कलम काय, निकाल लागला का? इथं गाडी थांबते. केस आपल्यावर, तारखेला हेलपाटे आपले, जामिनाला बैल विकले आपण. आणि कागद कुठं? साहेबाच्या कपाटात.

आमचं म्हणणं सरळ आहे. आपल्याविरुद्ध सरकारनं जे जे लिहिलं, त्याची नक्कल आपल्या गावात पाहिजे. ती लेखी अर्ज करून मागायची आणि मिळेपर्यंत मागायची. हे वकिलाचं काम आहे असं समजून सोडून देऊ नका. हे जमिनीचंच काम आहे. कसं ते बघा.

वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. आपल्याकडं सातबारा नाही, म्हणून तर दावा करतो. मग ताबा दाखवणार कशावरून? आपला बाप, आजा प्लॉट कसत होता, दळी करत होता, नेवाड काढत होता. तेव्हा गार्ड यायचा, नांगर जप्त करायचा, पंचनामा करायचा, दंड घ्यायचा. जागा कुठली, माणूस कोण, तारीख काय, हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. आपल्याला चोर ठरवायला लिहिलं. पण त्या तारखेला आपण त्या जमिनीवर होतो, हे त्यातूनच दिसतं. म्हणून ज्या म्हातारीनं दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत जपली, तिनं वकिलापेक्षा मोठं काम केलं.

आता कुणी साहेब म्हणेल, "पावती नाही, मग दावा रद्द." तेही चालू देऊ नका. २०१२ साली वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, प्राथमिक गुन्हा अहवाल असले कागद असणं किंवा नसणं, एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, घराचं जोतं हेही पुरावेच आहेत. म्हणजे कागद असला तर हात बळकट होतो, नसला तरी हक्क मरत नाही. पण कागद खात्याकडं पडून आहे आणि आपण मागितलाच नाही, असं होऊ नये. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना काढायचा हुकूम दिला आणि २८ फेब्रुवारीला तो थांबवला. त्या पंधरा दिवसांत कितीतरी पाड्यांवर झोप उडाली होती. तशी वेळ पुन्हा आली तर कपाटं शोधायला सवड मिळणार नाही.

दुसरी गोष्ट पोरांची. आपली पोरं बारावी झाली, पोलीस भरतीला पळतात, वनरक्षकाचा फॉर्म भरतात, शहरात सिक्युरिटीत लागतात. सगळीकडं चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तिथं एक रकाना असतो, गुन्हा दाखल आहे का? मोर्च्यातला गुन्हा असतो, रस्ता रोकोचा असतो, लाकडाचा असतो. कुणी एजंट सांगतो, "नाही लिही, पाचशे दे, मी बघतो." हा सल्ला पोराला खड्ड्यात घालणारा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं की माहिती खरी द्यायची, लपवायची नाही. गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्यानं त्याचा विचार करावा, असंही सांगितलं. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही. पण लपवलेलं उघडं पडलं तर मिळालेली नोकरीही जाते. म्हणून खरं लिहायचं आणि सोबत निकालाची नक्कल जोडायची. निर्दोष सुटलेल्या माणसाकडं निकाल नसेल, तर पडताळणीत तो "गुन्हा दाखल" एवढाच दिसण्याची भीती असते.

आणि आपल्या नावांचा घोळ तर ठाऊकच आहे. एका पाड्यात एकाच नावाचे तीन तीन जण, बापाचं नावही तेच. आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. एकाची केस दुसऱ्याच्या दाखल्यावर चढते. नंबर आणि साल हातात असेल तरच सांगता येतं, बाबा हा मी नाही.

आता कुठला कागद कुठं मागायचा ते घ्या.

आपण फिर्याद दिली तर एफआयआरची नक्कल तिथंच, फुकट मिळाली पाहिजे. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम १५४ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यात ते १७३ आहे. "कायदा बदलला, आता मिळत नाही," असं कुणी म्हणालं तर आकडा बदलला, हक्क तोच आहे, असं सांगा. सही किंवा अंगठा करायच्या आधी लिहिलेलं वाचून दाखवायला लावा. कोऱ्या कागदावर अंगठा कधीच नाही.

आपल्यावर गुन्हा असेल तर? सुप्रीम कोर्टाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. आरोपीनं किंवा त्याच्या माणसानं अर्ज केला की २४ तासांत एफआयआरची नक्कल द्यायची. शिवाय एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकायचा आहे. नेट नसलेल्या भागात जास्तीत जास्त ७२ तासांची सूट आहे. लैंगिक अत्याचार, दहशतवाद असली नाजूक प्रकरणं तेवढी वगळली आहेत. पुढं केस कोर्टात गेली की चार्जशीट आणि जबाबांच्या नकला आरोपीला फुकट मिळतात. नव्या कायद्यात त्याला आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांची मुदत आहे.

अटक झाली तर अटकेचा कागद तिथंच झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या जबाबदार माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. अटकेचं कारण सांगायचं, घरी कळवायचं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. दवाखान्यात तपासणी होते, त्या अहवालाची नक्कल मागून घ्या. मार लागला असेल तर तो कागद फार मोलाचा.

वनखात्याची केस निराळी. १९२७ चा वन कायदा अजून चालू आहे. तिथं पहिला कागद म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, आपण पी.ओ.आर. म्हणतो तो. तो रेंज ऑफिसात असतो. दंड भरून तडजोड झाली तर त्या कायद्याच्या कलम ६८ प्रमाणं पुढं कारवाई करता येत नाही आणि जप्त वस्तू सोडायची असते. पण हे पावतीवर चालतं. पैसे दिले आणि पावती नाही, तर पैसे गेले आणि केस राहिली. मग दहा वर्षांनी वॉरंट आलं तर नवल काय?

जुने कागद मागायला ग्रामसभेला मोठी ताकद आहे. वनहक्क नियम १२ प्रमाणं ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागितलं, तर संबंधित खात्यानं साक्षांकित नक्कल द्यायची आहे. एकट्या माणसाला टोलवतात, ग्रामसभेच्या ठरावाला टोलवणं अवघड जातं. एकट्यानं मागायचं तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे, आणि माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. निकालाची नक्कल मात्र कोर्टातच अर्ज करून घ्यायची. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. आदिवासीला तिथं उत्पन्नाची अट नाही.

अर्ज कुठलाही असो, दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. तोंडी मागितलेलं मागितलं असं धरलंच जात नाही.

काही जाणती माणसं म्हणतात, "कशाला मागायचं? मागितलं तर डोळ्यावर येऊ." त्यांनी लाठी खाल्ली आहे, त्यांची भीती खोटी नाही. पण डोळ्यावर आपण कधीचेच आहोत, आपलं नाव रजिस्टरात लिहिलेलंच आहे. न मागितल्यानं ते पुसलं जात नाही. एकट्यानं जायची भीती वाटते, मग चौघं जा. अर्जावर ग्रामसभेचा ठराव लावा.

काही कार्यकर्ते म्हणतात, "कागदाच्या मागं लागलो तर लढा बसतो." मोर्चा लागतोच. मोर्च्याशिवाय वनहक्क कायदाही आला नसता. पण मोर्चा परत येतो आणि केस मागं राहते. ज्याच्यावर ती राहते त्याला दर महिन्याला मजुरी बुडवून एकट्यानं तारखेला जावं लागतं. त्याच्या हातात कागद नसेल, तर पुढच्या मोर्च्याला त्याची बायकोच त्याला सोडणार नाही. केसचा हिशेब ठेवणं हेही लढ्याचंच काम आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत एक वही घाला. प्रत्येक केसला एक पान. माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, ठाणं किंवा रेंज, गुन्ह्याचा नंबर आणि साल, कलम, जमीन कुठली, तारीख कधी, निकाल काय, कुठला कागद आला, कुठला यायचा. लिहायला शाळा शिकलेली एक पोरगी आणि एक पोरगा ठेवा. कागदाच्या दोन नकला काढा, एक माणसाच्या घरी, एक वहीसोबत. वही संघटनेच्या कचेरीत नको, गावातच राहू द्या. कार्यकर्ता बदलतो, गाव तिथंच असतं. आणि वही वाटेल त्याला दाखवू नका, ज्याचं पान त्याला विचारूनच उघडा.

सरकारनं आपल्या तीन पिढ्यांची नोंद ठेवली, ती गुन्हेगार म्हणून. आपण ती नोंद मागून आणू आणि कसणारे म्हणून वाचू.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!