पिवळेपणा कोणत्या उजेडात पाहायचा?

सुटीच्या कार्डावर आपण लिहितो, ‘बाळ पिवळे वाटल्यास दाखवावे.’ कुठे पाहायचे, कोणत्या उजेडात, वाटले तर किती घाईने निघायचे, यातले काहीच त्या ओळीत नसते. पूर्ण दिवसांच्या 100 बाळांपैकी सुमारे 60 जणांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सुमारे 80 जणांना. ती चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर 48 तासांनी सुटी मिळते आणि आशाताईंच्या भेटी तिसऱ्या व सातव्या दिवशी असतात. मधल्या दिवसांत बाळावर नजर असते ती घरच्यांची.

घरच्यांची म्हणजे बहुधा आजीची. आणि बाळंतिणीची खोली कशी असते? खिडकी बंद, वर पिवळा बल्ब, बाळाच्या अंगाला हळद-तेल. तिथे कावीळ कोणाला दिसणार? म्हणून सुटीआधी आई आणि आजीला बाळासकट खिडकीपाशी न्यावे. बाळाचे कपाळ आणि छाती बोटाने हलके दाबून सोडावी. क्षणभर फिकट झालेल्या त्वचेत पिवळी झाक कळते. सावळ्या बाळाचे डोळे आणि हिरड्या पाहाव्यात. मग त्या दोघींकडून तेच करून घ्यावे. सिस्टरांना दोन मिनिटे पुरतात.

क्रेमरचे पट्टे मात्र त्यांना शिकवू नयेत. पिवळेपणा कुठवर उतरला यावरून बिलिरुबिन ठरवताना आपलाही अंदाज चुकतो. पिवळे दिसले की त्याच दिवशी आणायचे, एवढेच घरच्यांचे काम. आकडा आपण मोजायचा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पाहून ‘ठीक आहे’ कळवणेही बंद व्हावे, कॅमेरा रंग बदलतो. पहिल्या 24 तासांतली कावीळ, पिवळे तळहात-तळपाय, दूध न ओढणारे किंवा उठवूनही न उठणारे बाळ, किंचाळल्यासारखे रडणे, यांतले काहीही असेल तर मध्यरात्रीही निघायचे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

कोवळ्या उन्हाचा सल्ला आपल्यातलेच काही जण अजून देतात. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणात नेत. उन्हाने त्वचेचा पिवळेपणा उतरतो हे त्यांच्या लक्षात आले. पण त्यातूनच 1958 पर्यंत दिव्यांचा उपचार उभा राहिला. उन्हाची मात्रा मोजता येत नाही. उन्हात बाळ गारठते किंवा तापते, आणि उपचाराचे दोन दिवस हातचे जातात. ग्लुकोजचे पाणी आणि घुटी यांतही असाच वेळ जातो.

एक प्रश्न विचारायचा राहतो: दुपटी कुठल्या पेटीतली? जी-6-पीडीची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी डांबरगोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात.

दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा टिकला, तर शीचा रंग विचारावा. ती पांढुरकी आणि लघवी गडद असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घेऊन बाळाला लगेच पुढे पाठवावे. त्यासाठीच्या ‘कसाई’ नावाच्या शस्त्रक्रियेचा उत्तम काळ पहिल्या 60 दिवसांतलाच असतो.