खण विकत घ्यावा कीं स्वतः करावा?

घरीं हौसेनें सुतारकाम करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम मोह पडतो तो हत्यारांचा. आज रंधा, उद्यां पटाशी, परवां विजेवर चालणारें गिरमिट, अशी खरेदी वाढत जाते. शेवटीं सर्व हत्यारें एका डब्यांत एकावर एक पडतात, पटाशीची धार कानशीवर आपटून जाते, आणि कामाचा निम्मा वेळ शोधण्यांत खर्च होतो. तेव्हां हत्यारांस खण हवेत, याविषयीं दुमत नाहीं. मतभेद आहे तो इतकाच, कीं ते बाजारांतून आणावे कीं स्वतः करावे?

तयार कपाटानें वेळ वांचतो, असें पुष्कळांचें म्हणणें आहे व तें खोटें नाहीं. परंतु त्यांत कोणतीं हत्यारें राहावयाचीं, हें तें करणाऱ्यास ठाऊक नसतें. खोल खणांत पुन्हां ढीगच होतो. शिवाय लांकडाचा भुसा दाबून केलेल्या स्वस्त फळ्या कोंकणासारख्या दमट प्रांतीं पावसाळ्यांत एकदां फुगल्या, कीं पूर्ववत् होत नाहींत.

स्वतः खण करणारा आधीं हत्यारें मांडून मोजतो. पटाश्या व कानशी यांस २ इंच उंचीचा खण पुरतो. रंध्यास ५ ते ६ इंच लागतात. मग त्यास लांकडाचा स्वभाव ओळखावा लागतो. दमट हवेंत लांकूड रुंदीला फुगतें. रेषांच्या दिशेनें तें जवळजवळ वाढत नाहीं. म्हणून तळाच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवाव्या, ती बाजूंच्या खांचांत सरस न लावतां सरकवावी, आणि मागच्या फळीखालून तिला वाढण्यास वाव ठेवावा. हा वाव नसेल, तर उन्हाळ्यांत आकसतांना तळ चिरतो. बाजूच्या फळ्याहि उंचीला फुगतात. खणाच्या वर थोडी फट न ठेवल्यास तो जुलैंत अडकून बसतो.

खण ओढतांना ताण येतो समोरच्या फळीवर. ती केवळ चुका मारून बसविली, तर कांहीं दिवसांनीं एकटीच हातांत येते. यासाठीं बाजूच्या फळ्यांच्या टोकांस कबुतराच्या शेपटीप्रमाणें रुंद होत जाणारे दांते कापून ते समोरच्या फळींत बसवितात. असा सांधा कितीहि ओढला तरी निसटत नाहीं.

१९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण-परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षणाचा विचार मांडला. त्याचें मर्म अशा लहान कामांत पटतें. वहींतील चूक दाखविण्यास गुरुजी लागतात. गुण्यांत नसलेला खण मात्र आपण होऊन अडतो, आणि तेथें कोणतीहि सबब चालत नाहीं. हातकाम म्हणजे बुद्धि कमी असणाऱ्यांचा विषय, अशी समजूत आपल्या शाळांतून अद्यापि पुरती गेलेली नाहीं. ज्यांस ती खरी वाटते, त्यांनीं चार कोन सारखे असलेली एक पेटी करून दाखवावी.

खर्चाची सबबहि टिकत नाहीं. मालाच्या जुन्या खोक्याच्या फळ्या पहिल्या खणास पुरेशा आहेत, व तो नीट सरकावा म्हणून मेणबत्तीचा तुकडा घासला म्हणजे झालें. विद्यार्थिबंधूंनीं येत्या सुटींत नवें हत्यार घेण्यापूर्वीं, असलेल्या हत्यारांसाठीं निदान एक खण स्वतःच्या हातानें करावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.