चालत्या संगणकाला मेलेला ठरवणारी यादी मागे घ्या

प्रति,
श्री. सत्या नाडेला,
मुख्य कार्यकारी अधिकारी, मायक्रोसॉफ्ट

महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तुम्ही बंद केला. ही तारीख कित्येक वर्षं जाहीर होती, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार यादीची आहे. विंडोज ११ कोणत्या प्रोसेसरवर चालू द्यायचं याची यादी तुम्ही २०२१ मध्ये काढली आणि आजही तिच्यावरच अडून बसला आहात. त्या यादीने साखरखेर्डा आणि आजूबाजूच्या गावांतले धडधाकट संगणक बाद ठरवले. ते चालू ठेवायचं काम फुकट राबणाऱ्या माणसांच्या गळ्यात आलं, आणि आता त्या कामातही तुमचाच खोडा आहे.

मी साखरखेर्ड्यात संगणक दुरुस्त करतो. शेंदुर्जन, मलकापूर पांग्रा, लव्हाळा या गावांतली हेच काम करणारी काही मुलं आणि मी मिळून एक संच सांभाळतो. त्यात एक पेनड्राइव्ह, मॉडेलनुसार लावलेले ड्रायव्हर आणि मराठीत लिहिलेली टिपणं आहेत. कोणत्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये पीटीटी, म्हणजे टीपीएम ही सुरक्षेची सोय, कुठल्या पानावर दडलंय, अपग्रेड केल्यावर कोणत्या मॉडेलचा आवाज जातो आणि जुना ड्रायव्हर टाकला की परत येतो, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस उठत नसेल तर आधी काय तपासायचं, हे सगळं त्यात आहे. परवाना प्रत्येक यंत्राचा अस्सल आहे, चोरीची विंडोज आम्ही टाकत नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण ‘अनधिकृत’ हा शब्द तुमच्याकडून फार सहज येतो.

यंत्रं बहुतेक पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेली. व्यापारी ती घाऊक उचलतात आणि इथे दहा-बारा हजारांत मिळतात. २५६ जीबीची एसएसडी टाकली, रॅम वाढवली, पंख्यातली धूळ उडवून प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली की यंत्र पुढे पाच-सहा वर्षं मान टाकत नाही. गावोगावच्या सेवा केंद्रांत त्यांच्यावर उत्पन्नाचे दाखले निघतात, सातबारा निघतो, पीक विम्याचे अर्ज भरले जातात, शेतकरी ओळख क्रमांक आणि पीएम किसानची ई-केवायसी होते. टायपिंग इन्स्टिट्यूटमधली मुलं-मुली जीसीसी-टीबीसीसाठी मराठी ३० चा वेग त्यांच्यावरच साधतात. ही यंत्रं म्हणजे आमच्या भागाचं अर्धं सरकारी कार्यालय आहे.

आता यादीकडे येतो. आमच्याकडे सर्वात जास्त येतो तो इंटेलच्या सातव्या पिढीचा आय५-७५०० असलेला डेस्कटॉप. त्यावर तुमचंच ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं. सिक्युअर बूट हिरवं. टीपीएम २.० हिरवं. मेमरी, डिस्क, कोअरची संख्या, वेग, सगळं हिरवं. लाल एकच ओळ: हा प्रोसेसर सध्या विंडोज ११ साठी सपोर्टेड नाही. शेजारी उभ्या असलेल्या केंद्रचालकाने विचारलं, “भाऊ, सगळं हिरवं हाय, मंग हे एकच लाल काऊन?” त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडेही नाही असं मी का म्हणतो, ते पुढे लिहितो.

टीपीएम २.० हवं, असं तुम्ही म्हणता. नव्या विंडोज १० संगणकांत ते असलंच पाहिजे अशी सक्ती तुम्हीच २८ जुलै २०१६ पासून केली होती, म्हणून ते या यंत्रांत आहे. कर्नलचं संरक्षण करणाऱ्या आभासी कप्प्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळी सोय लागते, असं तुम्ही म्हणता. इंटेलने ती सोय सातव्या पिढीपासूनच दिलेली आहे. उलट एएमडीच्या रायझन २००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती नाही. एएमडीकडे ती पुढच्या झेन २ रचनेत आली. तरीही रायझन २००० तुमच्या यादीत आहे आणि आय५-७५०० बाहेर. सुरक्षेचं जे कारण तुम्ही पुढे करता, त्यात बसणारा प्रोसेसर बाद आणि न बसणारा पास, हा कोणता निकष झाला?

त्याहून मोठी गोष्ट ऑगस्ट २०२१ ची आहे. तेव्हा तुम्ही यादी पुन्हा तपासली आणि सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरांना आत घेतलं. त्यातला एक आय७-७८२०एचक्यू. हा आणि आय५-७५०० एकाच पिढीचे, दोन्ही जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आलेले. पण ७८२०एचक्यू तुमच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झालेला हा संगणक ३,४९९ डॉलरपासून पुढे मिळायचा आणि यादी निघाली तेव्हाही तुमच्या विक्रीत होता. तुमचा माल यादीबाहेर पडायला लागला तेव्हा यादी हलली. आमचा पडला तेव्हा ती दगडावरची रेघ झाली.

त्याच वेळी तुम्ही सांगितलं की, किमान निकषात न बसणाऱ्या यंत्रांवर कर्नल क्रॅशचं प्रमाण ५२ टक्के जास्त आढळलं, तर निकषात बसणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशमुक्त होता. हे दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तर बाद यंत्रांचा अनुभव किती निघतो? जवळपास ९९.७ टक्के. एका दशांश टक्क्यासाठी तुम्ही किती यंत्रं मोडीत काढायला निघालात, हे कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मांडलं: अंदाजे २४ कोटी संगणक, ४८ कोटी किलो कचरा. २०३० पर्यंत शून्य कचरा करणार, अशी तुमच्या कंपनीची जाहीर प्रतिज्ञा आहे. हे ४८ कोटी किलो त्या हिशेबात कुठे धरलेत?

आमची प्रत्येक मागणी जुन्या यंत्राच्या बाजूनेच असते असं नाही. कोअर २ ड्युओवाल्यांना आम्ही स्वतःच नकार देतो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीला ज्या सूचना लागतात त्या या प्रोसेसरमध्ये नाहीतच, विंडोज सुरूच होत नाही. ती रेषा यंत्राच्या कुवतीची आहे आणि आम्ही ती मुकाट मानतो. सातव्या पिढीसमोर तुम्ही ओढलेली रेषा तशी नाही. यंत्र काम करतं, अडवणारा कागद तेवढा तुमचा आहे.

पैसे भरा आणि सुरक्षा घ्या, हे तुमचं उत्तर. मग दरही पाहू. घरगुती संगणकाला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ३० डॉलरला. फुकट हवं असेल तर संगणकाच्या सेटिंग तुमच्या क्लाउडवर चढवा किंवा तुमचे रिवॉर्ड पॉइंट जमवा. व्यवसायाच्या संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. एकूण ४२७ डॉलर, म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या वर. बारा हजारांच्या यंत्राला पस्तीस हजारांचे पॅच! शिक्षणसंस्थांना तीन वर्षांचे मिळून अवघे ७ डॉलर ठेवलेत, ते चांगलंच केलंत. पण तो दर संस्थात्मक परवान्यातून मिळतो, आणि देणगीत आलेले चार संगणक वर्गात मांडून बसलेल्या गावच्या शाळेकडे तो नसतो.

आणि युरोप? तिथल्या युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने तुम्हाला जाब विचारला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तुम्ही युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ३० देशांसाठी घरगुती संगणकांवरची पैशांची किंवा क्लाउडची अट काढून टाकली. तिथे क्लाउड बॅकअप नको, पैसे नकोत, खात्याने साइन-इन केलं की वर्षभराची सुरक्षा मोफत. म्हणजे हे तुम्हाला करता येतं, आणि परवडतंही. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात तुमच्या कंपनीचा निव्वळ नफा १०१.८ अब्ज डॉलर होता. जर्मनीतल्या आजोबांच्या संगणकाला जे नुसत्या साइन-इनवर मिळतं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या आजीचा अंगठा घेणाऱ्या संगणकाला का नाही? त्या एका संगणकावरून अख्ख्या गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती जातात. पॅचविना राहिलेलं यंत्र आमच्याकडे जास्त धोक्याचं आहे, कारण ते एका घराचं नसतं.

आता आमच्या कामातल्या खोड्याबद्दल. ऑक्टोबर २०२१ मध्ये, बाद ठरलेल्या संगणकावर विंडोज ११ कसं टाकायचं, याची रजिस्ट्रीतली युक्ती खुद्द तुमच्याच मदत पानावर छापलेली होती. आमच्या टिपणांची सुरुवात तिथून झाली. २०२५ च्या सुरुवातीला ती त्या पानावरून गायब झाली. त्याच सुमारास फ्लायबाय११ हे अपग्रेडचं साधन तुमच्या डिफेंडरने ‘नको असलेलं सॉफ्टवेअर’ म्हणून अडवायला सुरुवात केली. पीट बटार्ड हा माणूस विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं रूफस नावाचं साधन २०११ पासून फुकट देतो. आयर्लंडमध्ये बसून त्याने तुमच्या विंडोजची जेवढी सेवा केली, तेवढी आमच्या भागातल्या कोणत्याही विक्रेत्याने केलेली मी पाहिली नाही. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं, नवीन घ्या.

एवढं करून यंत्र सुरू झालं तरी काम संपत नाही. महिन्याचे सुरक्षा पॅच सध्या येतात, पण ‘येतीलच याची हमी नाही’ असं तुम्ही लिहून ठेवलंय. दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येतच नाही. २२एच२, २३एच२, २४एच२, २५एच२, दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन यंत्रापाशी जावं लागतं आणि हाताने अपग्रेड करावं लागतं. सोयाबीनची सोंगणी चालू असते, दिवसा लाइटचा भरवसा नसतो, केंद्रावर रांग असते. मग रात्री दुकान बंद झाल्यावर मुलं बसतात. अपग्रेड मध्येच अडकलं तर सकाळी केंद्र उघडण्याआधी ते मागे फिरवायचं. तुमच्या सर्व्हरवरची एक खूण बदलली तर हे सगळं जागरण वाचतं.

लिनक्स टाका, असा सल्ला खूप जण देतात. आम्ही टाकतो. ज्याला फक्त ब्राउझर आणि प्रिंट लागते त्याच्याकडे लिनक्स मिंट झकास चालतं, आणि केरळच्या सरकारी शाळा तर कधीच मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. महाराष्ट्राने तो रस्ता धरला नाही, याचा राग मला आमच्या सरकारवर आहे. पण ते पत्र वेगळं. आज आमच्याकडची अंगठ्याची यंत्रं, डिजिटल सहीचे टोकन, सीडॅकच्या आयएसएमवर बसलेले मराठी टायपिंगचे हात, हे सगळं विंडोज धरून चालतं. ती सवय तुमच्याच कंपनीने लावली आणि तिच्यावर कमावलं. मग जबाबदारी झटकता येणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये तुम्ही भारतात होता. १७.५ अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केलीत. मुंबईत मुख्यमंत्र्यांसोबतच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ११०० पोलीस ठाण्यांत तुमच्या तंत्रज्ञानावर चालणारी एआय तपासप्रणाली नेण्याची घोषणा झाली. साखरखेर्ड्यालाही पोलीस ठाणं आहे. एआय आमच्या गावापर्यंत पोचवायची तुमची तयारी आहे, तर आठ वर्षांच्या चांगल्या संगणकाला महिन्याचा पॅच पोचवायला काय अडतं?

मागणी अशी आहे. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असलेली सातव्या पिढीची सर्व यंत्रं विंडोज ११ च्या यादीत घ्या; ७८२०एचक्यूसाठी केलंत तेच करा. ज्यांना घेता येत नाही त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट युरोपच्या अटींवर भारतातही द्या, आणि केंद्रचालकाला ‘व्यवसाय’ म्हणून ६१ डॉलरच्या रांगेत उभं करू नका. काढून टाकलेली माहिती मदत पानावर परत आणा. आणि यंत्रं जगवणाऱ्या साधनांना व्हायरसच्या ओळीत बसवणं थांबवा.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, दुकानात किंवा शाळेत असा संगणक असेल तर ‘विंडोज ११ चालत नाही’ एवढं ऐकून तो भंगारवाल्याला देऊ नका. आधी बायोसमध्ये टीपीएम चालू आहे का ते जवळच्या जाणत्या मुलाकडून बघून घ्या. सातव्या पिढीचा असेल तर तो बहुधा चालतो.

कळावे,
साखरखेर्ड्याचा एक संगणक दुरुस्ती करणारा
ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा