लॉक लावायला विसरलास, एवढंच?

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका पोराला मीटिंगमध्ये धुतलं. वर्षभरापूर्वी कॉलेजातून आलेला, मेहनती पोरगा. ऑफरची किती कूपनं उरली ते मोजणारा एक साधा काउंटर त्याने जावात लिहिला होता. टेस्टिंगला सगळं हिरवंगार. प्रॉडक्शनला आठ कोअरच्या मशीनवर गर्दी झाली आणि होती त्यापेक्षा जास्त कूपनं वाटली गेली. निकाल काय? "पुरेशी काळजी घेतली नाही." वर एका सीनियरने तिथल्या तिथे उपाय सांगितला, "व्हॉलटाइल लाव, झालं."

मंडळी, तो उपायही चुकीचा आहे! व्हॉलटाइलने एका थ्रेडने लिहिलेली किंमत दुसऱ्याला दिसते, एवढंच. आकडा वाचणं, बदलणं आणि परत लिहिणं या तीन पायऱ्यांची त्याने एक होत नाही.

दूधवाल्याचं कॅलेंडर आठवा. आईने पाहिलं, 12 लिटर झालेत. त्याच वेळी बाबांनीही पाहिलं, 12. दोघांनी एकेक लिटर घेतलं, दोघांनी 13 लिहिलं. झाले 14, नोंद 13 ची. यात बेजबाबदार कोण? कोणीच नाही. कॅलेंडर एक आणि पेनं दोन, ही खरी भानगड.

आणि ही भानगड नवी नाही हो. 2004 साली इंटेलने सिंगल कोअरचा पुढचा प्रोसेसर रद्द करून मल्टी-कोअरची वाट धरली. 2005 मध्ये हर्ब सटरने लेखच लिहिला, 'द फ्री लंच इज ओव्हर'. म्हणजे आता क्लॉक स्पीड वाढेल आणि आपला प्रोग्रॅम आपोआप पळेल, हे विसरा. वीस वर्षं होऊन गेली. तरी आमचा उपाय एकच, माणसाने सावध राहावं. घाटात कठडा बांधायचा नाही, आणि गाडी दरीत गेली की ड्रायव्हरला शिव्या.

जावाने 2004 पासून ॲटॉमिक वगैरे चांगली हत्यारं दिली, पण वापरायची सक्ती नाही. गो मध्ये चॅनेल आहेत, पण दोन गोरूटीनना एकच मॅप देऊन टाकला तर कंपायलर हूं की चूं करत नाही. रेस डिटेक्टर आहे, पण जो कोड प्रत्यक्ष चालला त्यातलीच रेस त्याला दिसते. पायथनवाले वर्षानुवर्षं जीआयएलला शिव्या घालत आणि मनातून त्याच्याच भरवशावर राहत. 2025 च्या 3.14 पासून जीआयएल नसलेलं बिल्डही अधिकृतपणे मिळतं. आता कळेल कोणाचा कोड किती पाण्यात आहे.

उलट अर्लांग बघा. एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी 1980 च्या दशकात जन्मलेली भाषा. तिथे एक प्रोसेस दुसरीच्या मेमरीला हात लावत नाही, निरोप पाठवते. रस्टमध्ये साधा आकडा दोन थ्रेडना बदलायला द्या, कोड कंपाइलच होत नाही. म्यूटेक्स की ॲटॉमिक, ते ठरवा आणि मग या.

लगेच कोणीतरी म्हणेल, रस्टमध्येही डेडलॉक होतो. होतो की! शिवाय दोन सर्व्हर डेटाबेसच्या एकाच ओळीवर तुटून पडले तर कुठलाच कंपायलर वाचवत नाही. मान्य. पण म्हणूनच माणसाची काळजी तिथे खर्च करा. जे यंत्र पकडू शकतं त्यासाठी पोरांची झोप कशाला?

उद्या सगळा जावा कोड फेकून द्या असं मी म्हणत नाही, ते होणारही नाही. नियम साधे आहेत. शेअर करू नका. करायचंच तर बदलू नका. बदलायचंच असेल तर "उरलंय का" हे बघणं आणि एक कमी करणं एकाच ॲटॉमिक पायरीत करा. आणि गडबड झाली की "कोणी केलं?" हे विचारायच्या आधी "हे करता कसं आलं?" हे विचारा.

असो. एक सांगायचं राहिलं. त्या कोडचा रिव्ह्यू मी केला होता. सात वर्षांचा अनुभव, आणि मलाही दिसलं नाही. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो. सोमवारी त्याच्या मॅनेजरला मेल टाकणार आहे. रेटिंग लागायच्या आत.