टक्के कशावर?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत घरकामगार बायांची बैठक होती. एकीने विचारले, "ताई, २०२० च्या लॉकडाऊननंतर वहिनींनी पगारातले वीस टक्के कापले. आता वीस टक्के वाढवून दिले, म्हणाल्या, झालं बरोबर. मग माझे शंभर रुपये कुठे गेले?"

आधी २५०० मिळत. कापून २००० झाले, वाढवून २४००. एवढी शिबिरे घेणारी मी, पण गप्प बसले! मोबाइलवर हिशेब केला, आकडा तोच आला, कारण काही सांगता येईना.

उलगडा केला कोपऱ्यातल्या आजींनी. "कापलं ते अडीच हजारांवर. दिलं ते दोन हजारांवर. पाचशे म्हणजे दोन हजारांचे चार आणे होतात की गं!" चार आणे म्हणजे पंचवीस टक्के. वीस कापले तर भरून यायला पंचवीस लागतात. आजी शाळेत गेलेल्या नाहीत.

आपल्या गटांमध्ये टक्केवारी हाताने शिकवली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. काही कार्यकर्त्या म्हणतात, फोन आहे ना! पण फोन 'कशावर?' असे विचारत नाही. आणि अवघड तरी काय आहे? दहा टक्के म्हणजे दहावा भाग, पाच त्याच्या निम्मे, एक टक्का म्हणजे शंभरावा भाग. बदल काढायचा तर फरक घ्या, शंभराने गुणा आणि आधीच्या आकड्याने भागा. आधीच्या, नंतरच्या नव्हे. सगळी चलाखी इथेच चालते.

लोकसभेचे बघा. २०१९ मध्ये ७८ स्त्रिया निवडून आल्या, २०२४ मध्ये ७४. फरक ४. चारशे भागिले ७८, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडी जास्त घट. पण ५४३ जागांतला वाटा १४.४ वरून १३.६ वर आला, म्हणून कोणी 'पाऊण टक्काच तर कमी' असेही म्हणेल. दोन्ही खरे. कोण कोणते सांगतो ते पाहावे.

कर्जाचेही तसेच. शेकडा दोन म्हटले की महिन्याचे दोन, वर्षाचे चोवीस, हे बायांना पाठ असते. पण दहा हजारांवर 'फ्लॅट बारा टक्के', बारा समान हप्ते, असे सांगितले की स्वस्त वाटते. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर, १२०० रुपये. वर्षभरात आपल्याकडे सरासरी साडेपाच हजारसुद्धा नसतात. खरा दर बावीसच्या आसपास पडतो.

ती बाई कागदावर हिशेब मांडून वहिनींकडे गेली. पन्नास वाढले. उरलेल्या पन्नासांचे बोलणे चालू आहे.