विसार देण्याआधी वायरिंग पाहा

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या आपांनी माजलगावात एक जुनं माळवदाचं घर पसंत केलं. सागवानी तुळया, मोठं अंगण. विसार द्यायच्या आदल्या दिवशी मी वायरमनला सोबत नेलं.

मेन स्विच बंद करून त्याने बोर्ड उघडला. आत ॲल्युमिनियमची जुनी वायर, आवरण तडकलेलं. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळलेली. लोड वाढला तरी ती वितळणार नाही, आधी वायर तापेल. सॉकेट तीन पिनांचे, पण अर्थिंग कुठेच जोडलेलं नाही. उन्हाळ्यात आपण पत्र्याचा कूलर लावतो. त्याच्या पत्र्यात करंट उतरला, तर हात लावणाऱ्या लेकराच्या अंगातूनच तो जमिनीत जातो.

म्हणून जुनं घर घेताना परवानाधारक वायरमनकडून मेगरने तपासणी करून घ्या. रीडिंग किमान 1 मेगाओहम हवं. अर्थिंग तपासा. वायरिंग नव्याने करावी लागली, तर साध्या सॉकेटला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि मेनजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. करंट गळताच ती क्षणात पुरवठा तोडते.

मालाचा ऐब विकणाऱ्याने सांगावा, ही आपली तालीम. पण भिंतीतला ऐब कित्येकदा त्यालाही ठाऊक नसतो. या घरमालकांनाही नव्हता. बोर्ड पाहून त्यांनी नव्या वायरिंगचा खर्च किमतीतून वजा केला. आपा आता वायरिंग झाल्यावरच राहायला जाणार आहेत.